तण कोणी काढायचं?

नांगर हा मातीचा वैरी आहे, हे वाक्य आता इतक्या व्यासपीठांवरून ऐकू येतं की त्याला पुरावा मागायचं कोणाच्या मनातही येत नाही. अमेरिकेत एडवर्ड फॉकनरने 1943 मध्ये नांगरणीला मूर्खपणा ठरवणारं पुस्तक लिहिलं. जपानमध्ये मासानोबू फुकुओकाने न नांगरता भात पिकवून दाखवला. पंजाबात जन्मलेल्या रतन लाल यांनी नायजेरियातल्या इबादानच्या संशोधन संस्थेत 1970 पासून सतरा वर्षं उघड्या मातीची धूप मोजली आणि 2020 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडे कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर आणि नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी हाच विचार आपापल्या रानात आपापल्या पद्धतीने रुजवला. ही सगळी मातीत हात घातलेली माणसं आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्यांच्या विचाराचं जे घोषवाक्य झालं त्याच्याशी. त्या घोषवाक्यात माती असते, गांडूळ असतं, सेंद्रिय कर्ब असतो. तण नसतं. असलंच तर पत्रकाच्या शेवटी, ‘तणनियंत्रणाकडे लक्ष द्यावे’ एवढ्या एका ओळीपुरतं.

शेतकऱ्याने मुळात नांगर धरला तो कशासाठी? रान भुसभुशीत व्हावं, पाणी मुरावं, हे खरंच; पण सगळ्यात आधी तण गाडण्यासाठी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी त्याला हात लावेनात, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. तोच नांगर पुढे घरोघर का गेला, हे मात्र कोणी सांगत नाही. काळ्या रानातली कुंदा आणि हरळी मुळासकट उलथून उन्हात टाकणं लाकडी नांगराच्या ताकदीबाहेरचं होतं, ते याला जमलं. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या केंद्रात 1930 च्या दशकात मशागतीचे जे प्रयोग झाले, त्यांचाही निष्कर्ष याच वाटेने गेला: तण मरण्यापुरती मशागत झाली की त्यापुढच्या वाढीव मशागतीने उत्पन्नात फारसा फरक पडत नाही. म्हणजे नांगर हे मुख्यतः तण काढायचं अवजार. ते काढून घेतलं की काम संपत नाही, ते दुसऱ्या कोणावर तरी जाऊन पडतं. औषधावर, माणसाच्या हातावर, किंवा पिकाच्या सावलीवर. नांगरावाचून शेतीची बाजू मांडणाऱ्याने पहिल्याच वाक्यात सांगायला हवं की त्याच्या रानात हे काम कोणाच्या वाट्याला आलं.

या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात स्वच्छ दिसतं ते न्यूझीलंडमध्ये, कारण बिननांगरी पेरणीचं यंत्र ज्या देशांनी घासून-पुसून पक्कं केलं त्यांत हा देश पहिल्या रांगेत आहे. पामर्स्टन नॉर्थच्या मॅसी विद्यापीठात जॉन बेकर यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून एकच ध्यास घेतला: न नांगरलेल्या, गवताने आच्छादलेल्या रानात बी नेमकं कसं ठेवायचं. त्यातून जे यंत्र उभं राहिलं ते ‘क्रॉस स्लॉट’. आपल्या पाभरीचा फण माती फाडत इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची सरी काढतो. बेकरांच्या फणात मध्ये एक उभी तबकडी असते. ती काडीकचरा कापत खाली जाते. तिच्या दोन्ही अंगांना चिकटून दोन पाती असतात, ती मातीच्या पोटात डावीकडे-उजवीकडे एकेक आडवा कप्पा कोरतात. एका कप्प्यात बी पडतं, दुसऱ्यात खत, म्हणजे खताने बियाला चटका बसत नाही. मागची चाकं जमिनीची वर उचललेली साल पुन्हा खाली दाबतात आणि काडीकचऱ्याचं पांघरूण जसंच्या तसं परत येतं. बी ओलीत, अंधारात, झाकलेलं. यंत्र पुढे गेल्यावर मागे रान पेरलंय हे ओळखू येणंही अवघड. यंत्रशास्त्राचा इतका नेटका नमुना शेतीत फार थोडा सापडतो, आणि बेकर यांनी सहकाऱ्यांसह 1996 मध्ये लिहिलेला ग्रंथ जगभरच्या कृषी विद्यापीठांत वाचला जातो तो उगाच नाही.

पण या यंत्राच्या आधी त्या रानातून दुसरं एक यंत्र गेलेलं असतं. फवारणीचं. पॅराक्वाट 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आलं, ग्लायफोसेट 1974 मध्ये, आणि बिननांगरी शेतीचा जगभरचा प्रसार याच दोन तारखांच्या मागोमाग चालत गेला आहे. न्यूझीलंडमध्ये त्याआधी आणखी एक पायरी होती: मेंढ्या सोडून रान खरवडून काढायचं. उरलेल्या कोवळ्या फुटीवर औषध मारायचं, ती पिवळी पडली की पेरायचं. मेंढी, औषध, फण. या साखळीत माणसाचा हात कुठेच नाही, आणि तो नसणं हेच तिचं खरं वैशिष्ट्य. 2 लाख 68 हजार चौरस किलोमीटरच्या या देशात माणसं आहेत पन्नास लाखांच्या थोडी वर. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ 3 लाख 8 हजार, आणि 2011 च्या जनगणनेत आपण 11 कोटी 24 लाख होतो. तिथे एप्रिल 2024 मध्ये किमान वेतन तासाला 23 डॉलर 15 सेंट झालं. त्या दराने गव्हाचं रान खुरपून घ्यायचं कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. तेव्हा न्यूझीलंडने नांगर सोडला हे अर्धं सत्य. त्याने नांगराचं काम औषधाकडे सोपवलं, कारण तिसरा पर्याय त्याच्याकडे नव्हता.

ती सोय किती दिवस चालली? तणनाशकाला न जुमानणारं पहिलं तण त्या देशात 1980 च्या आसपासच नोंदलं गेलं. वायकाटो भागातल्या मक्याच्या रानात, ॲट्राझिन नावाच्या औषधाला. आणि ते तण कोणतं? चाकवत. आपण ताकातली भाजी करतो तोच. वर्षामागून वर्ष तेच औषध मारत गेल्यावर लाखो रोपांतली जी मोजकी मुळातच चिवट होती ती उरली, त्यांनी बी धरलं, आणि पुढच्या पिढ्यांत रान त्यांचंच झालं. यात गूढ काही नाही, निवड पद्धतीने वाण तयार करतात तीच ही क्रिया, फक्त निवड करणारा आपण काय निवडतोय हे न बघता पंप चालवत होता. पुढे मार्लबरोच्या द्राक्षबागांत ग्लायफोसेटला दाद न देणारं रायग्रास सापडलं, ही गोष्ट 2012-13 मधली. वेलींच्या ओळींखाली वर्षानुवर्षं दुसरं काहीच न मारल्याचं फळ. कँटरबरीच्या मैदानी धान्यपट्ट्यात अलीकडे जी पाहणी झाली, तीत सुमारे निम्म्या शेतांवर कोणत्या ना कोणत्या औषधाला निबर झालेलं तण आढळलं.

रायग्रासचा विनोद तर खास त्या देशाचा. हे गवत तिथल्या दुधाचा आणि लोकरीचा पाया आहे, त्याच्या बियांचं पीक घेऊन परदेशी विकलं जातं, आणि तेच गव्हाच्या रानात आलं की तण. म्हणजे शेजारच्या पट्ट्यात जे पीक ते या पट्ट्यात तण, आणि वाऱ्याला कुंपण कळत नाही. तिथल्या लोकांना तणाचा धसका आहे तो असा. 2013 मध्ये कँटरबरीत ब्लॅकग्रास नावाच्या युरोपातल्या कुप्रसिद्ध तणाचं बी मिसळलेला माल ट्रकमधून रस्त्यावर सांडला, तर सरकारी यंत्रणा पुढे काही हंगाम त्या रस्त्याच्या कडा तपासत होती. 2016 मध्ये चाऱ्याच्या बिटाच्या आयात बियाण्यातून व्हेल्वेटलीफ आलं, ते एकेक झाड उपटायला माणसं शेतोशेती फिरली. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी कुंपणाला म्हणून हौसेने आणलेलं गॉर्स नावाचं काटेरी झुडूप आज डोंगरच्या डोंगर पिवळे करतं आणि त्याचं बी जमिनीत काही दशकं जिवंत राहतं, हे बघितलेला समाज आहे तो. आपल्याकडे 1955 च्या सुमारास पुण्यात दिसलेलं गाजर गवत आज प्रत्येक बांधावर आहे. आपण त्याचं नाव राजकीय पक्षावरून ठेवलं आणि विषय हसण्यावारी नेला.

इथवर गहू, मका, गवत यांची गोष्ट झाली. ही पिकं वर कापून घेता येतात, खालची माती हलवायची गरज नसते, म्हणून बिननांगरी शेतीचे सगळे दाखले यांचेच दिले जातात. कंदपिकं आली की हिशेब पार बदलतो, आणि म्हणूनच तण-मशागतीचा वाद खरा पारखायचा तर कंदाच्या रानात जायला हवं.

जगात या वादाचं मुख्य रणांगण आहे कसावा. आपल्याला तो साबुदाण्याच्या रूपात माहीत. एकादशीच्या खिचडीतला दाणा तमिळनाडूतल्या सेलमच्या कारखान्यातून येतो आणि त्याचं झाड आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. केरळात तो 1880 च्या दशकात त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांच्या पुढाकाराने पसरला, आणि तिरुअनंतपुरमला कंदपिकांची राष्ट्रीय संशोधन संस्था 1963 पासून आहे. दांड्याचा वीतभर तुकडा लावायचा, की झालं. पण हा तुकडा पहिले तीन महिने अगदी रेंगाळत वाढतो. झाडांमधलं अंतर साधारण मीटरभर. तेवढ्या उघड्या जागेत, पावसाळ्याच्या तोंडावर, तण काय करत असेल ते सांगायला नको. पानांचा मांडव एकदा मिटला की कसावा स्वतःच तणाला सावलीखाली दाबतो, पण तोवरचे बारा आठवडे हातचे गेले तर उत्पन्न निम्म्यावर येतं आणि वाईट रानात त्याहून खाली जातं. नायजेरिया जगात सगळ्यात जास्त कसावा पिकवतो, वर्षाला सहा कोटी टनांच्या आसपास. तरी हेक्टरी सरासरी दहा टनांच्या आत आहे आणि भारताची त्याच्या तिपटीहून जास्त. त्यात पाणी, खत, वाण सगळ्यांचा वाटा आहे. पण पहिल्या तीन महिन्यांत कुदळी घेऊन रानात वाकणारे हात पुरत नाहीत, हेही त्यातलं मोठं कारण, आणि ते हात बहुतेक बायकांचे आणि पोरांचे.

मशागतीने या पहिल्या तीन महिन्यांत काय फरक पडतो? लागवडीआधी रान नांगरून सरी-वरंबे केले तर उगवून आलेलं तण गाडलं जातं, कसाव्याच्या मुळाला सैल माती मिळते, पहिले काही आठवडे पीक शर्यतीत पुढे असतं. हा फायदा खरा आहे. त्याच वेळी नांगर खालचं जुनं बी वर आणतो. अनेक तणांच्या बियांना उगवायला क्षणभर उजेड पुरतो, तो त्यांना नांगरच दाखवतो. उलट रान न नांगरता ठेवलं आणि वरचं तण बी धरायच्या आत मारत गेलं, तर दोन-चार वर्षांत वर्षायू तणाचा जोर ओसरतो. पण मग हरळी, लव्हाळा, कुंदा अशी जमिनीखालच्या गाठी-मुळांवर जगणारी मंडळी पाय पसरतात, कारण त्यांना उलथणारं कोणी नसतं. म्हणजे नांगरल्याने तण जातं आणि न नांगरल्याने येतं, किंवा उलटं, असं काही नसतं. तणाची जात बदलते. आणि कसाव्यात तर शेवटी प्रत्येक झाड मुळासकट उपटायचंच असतं, म्हणजे काढणी हीच एक नांगरणी. वर्षभर मातीला धक्का न लावण्याचं व्रत पाळून शेवटच्या आठवड्यात सगळं रान उकरायचं, यात जो काही कर्ब वाचला असेल त्याचा हिशेब मला तरी अजून कोणी पटेल असा दिलेला नाही.

न्यूझीलंडच्या थंडीत कसावा टिकत नाही. ऑकलंडच्या दक्षिण भागातल्या दुकानांत तो फिजी-टोंगाहून गोठवलेला येतो. पण त्याच्या जातकुळीचं काम तिथे दुसऱ्या कंदावर चालतं: कुमारा, म्हणजे रताळं. माओरींनी ते सातशे-आठशे वर्षांपूर्वी पॅसिफिकच्या उष्ण बेटांवरून होडीतून आणलं आणि त्याला न मानवणाऱ्या थंड देशात वाढवलं. त्यासाठी त्यांनी मातीत जे केलं ते बिननांगरी विचाराच्या कोणाही भक्ताने शांतपणे वाचावं. ‘को’ नावाच्या लांब खणतीला पाय ठेवायला पायरी बांधलेली असे, तिच्यावर भार देऊन ढेकळं उलथायची. नदीकाठी खड्डे खणून वाळू-खडी आणायची, मातीत मिसळायची, म्हणजे पाणी निचरेल आणि ऊब धरेल. वायकाटोच्या काठाने अशा मानवनिर्मित मातीचे पट्टे आणि खडीसाठी खणलेले खड्डे आजही ओळखू येतात. मग छोट्या उंचवट्यांच्या रांगा, प्रत्येकावर रोप. ऑक्टोबर 1769 मध्ये कॅप्टन कुकच्या जहाजावरचा शल्यवैद्य विल्यम मंकहाउस अनौरा उपसागराच्या काठाला उतरला. तिथलं रान बघून त्याने आपल्या रोजनिशीत नवलाने लिहून ठेवलं की यात तणाची काडी नाही आणि माती इंग्लंडातल्या उत्तम बागेसारखी बारीक केलेली आहे. बैल नव्हता, लोखंड नव्हतं, औषध नव्हतं. तण नव्हतं म्हणजे ते कोणीतरी बोटांनी उपटलं होतं. भरपूर मशागत आणि भरपूर हात.

आजचा कुमारा मुख्यतः उत्तरेला डार्गाव्हिल आणि रुआवाईच्या चिकण सपाटीत होतो. वाफ्यात कंद पुरून कोंब काढायचे, ऑक्टोबर ते डिसेंबरात ते वरंब्यावर लावायचे. ट्रॅक्टरमागच्या यंत्रावर माणसं ओळीने बसतात आणि चालत्या यंत्रात एकेक रोप देत जातात. मग वेल पसरेपर्यंत दोन ओळींतून यंत्राने कोळपणी. वेल सरीत उतरला की अवजार आत घालता येत नाही, वेल तुटतो. तिथून पुढे वेलाने रान झाकलं तर ठीक, नाहीतर हातानेच उपटायचं. रताळ्याच्या पानाला सहन होईल आणि रुंद पानाचं तण मरेल अशी औषधं मोजकीच. थोडक्यात, ज्या देशाने बिननांगरी पेरणीचा फण जगाला दिला, त्याच देशात रताळ्यासाठी रान नांगरलं जातं, बारीक केलं जातं, वरंबे चढवले जातात, आणि यात कोणाला विसंगती वाटत नाही. वाटूही नये. पीक बघून अवजार ठरवणं याला तिथे साधा व्यवहार म्हणतात.

हात नसलेला देश ही जी प्रतिमा मी वर उभी केली, तिला इथे तडा जातो. ऑकलंडच्या दक्षिणेला पुकेकोहे आहे: ज्वालामुखीची लाल माती, कांदे, बटाटे, भाजीपाला. कांद्याचं पातं उभं, सुईसारखं. ते कधीच रान झाकत नाही, म्हणून कांदा हा तणापुढे सगळ्यात दुबळा, हे आपल्या लासलगाव-चाकणकडच्या कोणालाही सांगायला नको. तणनाशकांच्या आधी पुकेकोहेत तो निंदायचं कोणी? एक तर हिंदी माणसांनी. गुजरात आणि पंजाबातून गेलेली ही माणसं आधी झुडपं तोडायची, चर खणायची कामं करत, मग खंडाने जमीन घेऊन भाजी लावू लागली. 1920 च्या दशकाच्या मध्यात त्याच गावात ‘व्हाइट न्यूझीलंड लीग’ उभी राहिली, ती हिंदी आणि चिनी माळ्यांविरुद्ध. तक्रारीचा एक मुद्दा असा की हे लोक उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबतात, घरादाराला राबवतात, आणि गोऱ्या माणसाला या स्पर्धेत टिकता येत नाही. रान स्वच्छ ठेवणं हाच गुन्हा.

आणि दुसरे हात माओरींचे. उत्तरेकडून आणि वायकाटोतून जमिनी गमावलेली कुटुंबं पुकेकोहेच्या मळ्यांत मजुरीला येत. बटाटे उचलणं, कांदा निंदणं, पोरांसकट. त्यांची घरं म्हणजे मळ्याच्या कडेची पत्र्याची खोपटं, पाण्याची सोय नाही, आणि त्या खोपटांत टाळता येण्याजोग्या आजारांनी मुलं गेली. गावातल्या न्हाव्याकडे, चित्रपटगृहात त्यांना वेगळी वागणूक मिळे. 1952 मध्ये त्यांच्या मुलांसाठी वेगळी शाळा निघाली. रॉबर्ट बार्थोलोम्यू यांच्या 2020 मधल्या पुस्तकाने हे सगळं पुन्हा चर्चेत आणलं तेव्हा अनेक न्यूझीलंडकरांना आपल्या देशात असं घडलं यावर विश्वास ठेवणं जड गेलं. कष्टाची, वाकून करायची, कमी मोलाची कामं ज्यांच्याकडे होती त्यांचा इतिहास मशागतीच्या पुस्तकात येत नाही. तणनाशक आलं आणि ही वसाहतच ओसरली. त्या औषधाला शिव्या देताना मला ही खोपटंही आठवावी लागतात.

आजही हात पूर्ण गेलेले नाहीत. 2007 पासून हंगामी कामगारांची जी सरकारी योजना आहे, तिच्यातून टोंगा, सामोआ, वानुआतूची माणसं फळबागांत आणि द्राक्षमळ्यांत येतात, अकरा महिन्यांतले सात महिने राहतात आणि परत जातात. घरी पैसे जातात, घरं बांधली जातात, हे सगळं खरं. पण हे लोक ज्या बेटांवरून येतात तिथला रोजचा घास म्हणजे कसावा, तारो आणि कोनफळ. टोंगाचा धट्टाकट्टा बाप्या सात महिने मार्लबरोत द्राक्षं छाटत असताना त्याच्या गावच्या कसाव्यात खुरपं कोण धरतं, हा प्रश्न दोन्ही देशांच्या हिशेबवह्यांबाहेर राहतो.

आता घराकडे. ‘तण खाई धन’ ही म्हण आपल्याकडे सगळ्यांना पाठ. चिपळूणकरांनी ती उलटी करून तण धन देतं असं मांडलं. तण वाढू द्यावं, मग मारून जागीच कुजवावं, त्याची मुळं जमिनीत राहू द्यावीत, तेच खत. भडसावळ्यांच्या सगुणा भात तंत्रात गादीवाफे एकदाच करायचे, चिखलणी नाही, लावणी नाही, मागच्या पिकाची मुळं तिथेच ठेवायची. दोन्ही विचारांत मला खोटं काही दिसत नाही. कर्जत-नेरळच्या उतारांवर चिखलणी थांबली तर माती आणि बैलांचा जीव दोन्ही वाचतात. पण दोन्हीकडे तण मारायला तणनाशक आहे, आणि हे त्या दोघांनी लपवलेलं नाही. लपवतात ते त्यांचे व्हिडिओ पुढे पाठवणारे. परदेशातल्या बिननांगरी शेतीचा गौरव करायचा आणि त्याच दमात विषमुक्त शेतीची शपथ घ्यायची, या दोन गोष्टी एका ताटात बसत नाहीत. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये ग्लायफोसेटचा वापर फक्त कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला. आता गावात हा कीडनियंत्रण चालक म्हणजे नेमका कोण, विचारून बघा. औषधाचं मोजमाप, अंगावरचे कपडे, वाऱ्याची दिशा यांची जबाबदारी कोणाचीच राहिलेली नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळमध्ये कीटकनाशकं फवारताना विषबाधेने जी माणसं गेली, त्यांच्याबाबतही हेच झालं होतं.

आणि हातांचं? जूनच्या शेवटी विदर्भातल्या कपाशीच्या रानात दहा-बारा बाया एका ओळीत उकिडव्या बसलेल्या असतात. डाव्या हाताने गवताचा झुपका धरायचा, उजव्या हातातल्या खुरप्याने मुळाखाली घाव घालायचा, माती झटकायची, मागे टाकायचं, उकिडव्यानेच पाऊलभर पुढे सरकायचं. लुगड्याचा काष्टा चिखलाने जड झालेला. त्यांच्याआधी डवरा ओळीतून जाऊन आलेला असतो, तो पुरुषाने बैलामागे उभ्याने चालवलेला. बैलाला जे जमत नाही ते, म्हणजे झाडाच्या बुंध्यालगतचं तण, बायकांचं. मजुरी दोनशे-तीनशे रुपये रोज, पुरुषाच्या मजुरीहून कमी, आणि पाऊस लागून राहिला की दर चढतो कारण मग सगळ्यांनाच एकदम बाया हव्या असतात. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने कायदा मोडून तणनाशक-सहनशील कपाशी पेरली, तिच्यामागचं अर्थकारण या ओळीतच बसलेलं होतं.

त्या बियाण्याचे समर्थक म्हणतात, बाईची पाठ वाचेल. वाचेलही. विरोधक म्हणतात, जमीन आणि पोट नासेल. न्यूझीलंडच्या रायग्रासने आणि चाकवताने एवढं नक्की दाखवलंय की एकाच औषधावर भिस्त ठेवली तर पुढेमागे ते औषध बोथट होतं, आणि तेव्हा तिथे जसा कॅमेऱ्याने ओळ ओळखणारा, ट्रॅक्टरमागचा महागडा कोळपा घ्यायला शेतकऱ्याच्या हाती पैसा असतो तसा आपल्या दोन एकरवाल्याकडे नसेल. पण दोन्ही बाजूंच्या भाषणात त्या बाया वाचवायच्या वस्तू आहेत. त्यांच्या घरात हंगामाचे ते दोन महिने खुरपणीचा पैसा हाच रोख पैसा असतो, बहुधा त्यांच्या स्वतःच्या हातात येणारा एकमेव. पंप आला की तो पाठीवर पुरुष घेतो. बाजारात आता पॉवर वीडर आलाय, अनुदानही मिळतं. तोही गड्याच्याच हाती जातो. निंदणीत जिथे म्हणून यंत्र किंवा औषध शिरलं तिथे काम सोपं झालं आणि मजुरी बायकांकडून पुरुषांकडे गेली. कृषी विद्यापीठाच्या मशागतीच्या चाचणीत डिझेल मोजतात, बियाणं मोजतात, हेक्टरी क्विंटल मोजतात. खुरपणीचे तास आणि ते कोणाचे, हा रकाना घालायला काही खर्च येत नाही. तो घातला तर नांगर आणि बिननांगर यांच्या तुलनेत आज जो आकडा पुढे दिसतो तो कदाचित मागे जाईल. कांद्यात तर नक्कीच जाईल, भातात बहुधा जाणार नाही, आणि रताळ्यात काय होईल हे रान बघून ठरवावं लागेल.